१ ओहमच्या रेझिस्टरांतून ६/५ ओहम: कमीत कमी किती लागतील?

प्रश्न:
माझ्याजवळ प्रत्येकी १ ओहमचे हवे तितके रेझिस्टर आहेत आणि त्यांतून मला नेमका ६/५ ओहम रोध हवा आहे. अपूर्णांकातील पूर्ण भाग मी एकसर जोडणीने काढून घेतो, उरलेला भाग उलटा करून समांतर शाखांत वाटतो आणि बाकी संपेपर्यंत हेच करत राहतो. ७/५ साठी ही रीत सुरेख चालली: एक रेझिस्टर आणि त्याच्याशी एकसर अशा तीन समांतर शाखा, त्यांपैकी दोन शाखांत एकेक व तिसरीत दोन, म्हणजे एकूण पाच. ६/५ साठी मात्र सहा लागतात. याहून कमी रेझिस्टरांत हे जमेल का?

उत्तर १:
जमेल. आपली रीत म्हणजे मसावि काढण्याची युक्लिडची रीतच आहे. कोणताही धन परिमेय रोध मिळतोच हे तिच्यामुळे सिद्ध होते, पण रेझिस्टर सर्वांत कमी लागतील अशी हमी ती देत नाही. दोन एकसर आणि तीन एकसर अशा दोन शाखा समांतर जोडा: (२×३)/(२+३) = ६/५, फक्त पाच रेझिस्टर. चारांत ते शक्य नाही, कारण चारही वापरून १/४, २/५, ३/५, ३/४, १, ४/३, ५/३, ५/२ आणि ४ हे नऊच रोध मिळतात.

उत्तर २:
हे कोडे आयताचे चौरस पाडण्याचेही आहे. प्रत्येक रेझिस्टर हा चौरस माना, त्याची उंची म्हणजे विभवांतर आणि रुंदी म्हणजे विद्युतधारा. मग आयताची उंची भागिले रुंदी हाच एकूण रोध होतो. ६ उंच, ५ रुंद आयतात डावीकडे ३ बाजूचे दोन व उजवीकडे २ बाजूचे तीन चौरस रचून पाहा, वरचेच उत्तर दिसेल. ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट या गणितज्ञांनी १९४० च्या शोधनिबंधात हाच दुवा वापरला. त्याआधी १९२५ मध्ये गणितज्ञ मोरोन यांनी ३३×३२ चा आयत नऊ वेगवेगळ्या चौरसांत विभागला होता, त्यामुळे ३२/३३ ओहमला नऊ रेझिस्टर पुरतात. युक्लिडच्या रीतीने तेहतीस लागले असते.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. मोरोन यांचा आयत काढून ३२ व्होल्ट धरून पडताळला. वरून १८ आणि १५ अँपिअर निघतात. १८ चे १४ व ४, १५ चे ७ व ८ होतात, मग ४ आणि ७ एकत्र येऊन १० व १ मध्ये विभागतात आणि तो १, ८ ला मिळून ९ होतो. तळाशी १४, १० आणि ९ मिळून बरोबर ३३ भरतात. १ अँपिअरचा तो रेझिस्टर पुलासारखा आडवा असल्यामुळे ही जोडणी निव्वळ एकसर-समांतर नाही, हे आकृतीतच स्पष्ट दिसले.