जीएनएम झालं, नवीन नर्सला नीट शिकवतात असं ठिकाण सुचवा

घाटंजीची_लेक:
नमस्कार ताई-दादा. यंदा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलं. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात लागली तर तिसऱ्याच दिवशी नाइटला एकटी, 18 पेशंट, त्यात एक फवारणीचं विष लागलेला शेतकरी. विषावरच्या ॲट्रोपिन इंजेक्शनची ऑर्डर लिहून होती पण पेशंटमध्ये पाहायचं काय ते कोणी सांगितलंच नाही, रात्रभर हात कापत होते माझे. सोडली ती नोकरी. आता आधी कोर्स करू की दुसरीकडे लागू?

वर्धा_सिस्टर:
बाई, यात तुझी चूक नाही हे आधी ऐक. अमेरिकेत बऱ्याच दवाखान्यांत नव्या नर्ससाठी वर्षभराची रेसिडेन्सी (कामावरच शिकवणं) असते, इंग्लंडात प्रिसेप्टर म्हणजे शिकवणारी अनुभवी नर्स सोबत देतात, आपल्याकडे इन्चार्ज सिस्टर चांगली भेटली तरच शिकणं होते. म्हणून मेडिकल कॉलेजचा दवाखाना पाह, सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, जागा निघाली की फॉर्म भर. पगार कमी असला तरी जा. मुलाखतीत एवढं विचारच, की पहिले किती दिवस मला ड्युटीच्या माणसांत मोजणार नाही? उत्तर गोलमोल आलं तर तिथं लागू नको.

स्टाफनर्स_भंडारा:
हाव, आणि 50 बेडच्या खाली लागू नको. पुढं एम्सची नॉरसेट (नर्स भरतीची परीक्षा) द्यायची तर जीएनएमवाल्यांना 50 बेडच्या दवाखान्यातला 2 वर्षांचा अनुभव मागतात, माझ्या मैत्रिणीची 2 वर्षं तशीच वाया गेली. कोर्स म्हणशील तर बीएलएस (सीपीआर वगैरे शिकवतात तो) स्वतःच करून घे, सर्टिफिकेट 2 वर्षं चालते. डिलिव्हरीचं एसबीए ट्रेनिंग 21 दिवसांचं, खूप कामाचं, पण ते सरकारी किंवा एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) लागल्यावर.

वर्धा_सिस्टर:
ॲट्रोपिनचं सांगून ठेवते. छातीतली घरघर गेली काय, काखेतला घाम सुकला काय, पल्स आणि वरचं बीपी 80 च्या वर आलं काय, हे पाहून डॉक्टरला कळवत राहायचं. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर जाऊ नको. साप चावलेल्या पेशंटचं कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करून गोठलं काय पाहायचं. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. पावसाळ्यात दोन्ही पेशंट येतातच आपल्याकडे.

घाटंजीची_लेक:
ताई, हे त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर... वहीत लिहून घेतलं. सेवाग्रामला स्टाफला होस्टेल भेटते काय? रोज येणंजाणं जमणार नाही, आणि बाबा एकटीला रूम करू देत नाहीत.