मदत हवी आहे: एनव्हीएमई डिस्क बसवली आणि लॅन कार्डाचं नावच बदललं, डेबियन १२ (लिनक्स)

मंडळी, सांगली मार्केट यार्डात एका अडत दुकानाचं नेटवर्क बघतो मी. जुना पीसी राउटर म्हणून चालवलाय, मदरबोर्डवरचा पोर्ट नेटला आणि वेगळं कार्ड लॅनला. परवा त्यात एनव्हीएमई डिस्क (पीसीआय बसवर जोडली जाणारी वेगवान डिस्क) बसवली, मशीन चालू झाली पण आत कुणालाच नेट नाही, बाहेर हळदीचे सौदे चालू आणि शेठ सारखे "झालं का, झालं का" करत डोक्यावर उभे. बघतो तर ईएनपी३एस० होतं ते कार्ड ईएनपी४एस० झालेलं, आणि इंटरफेसेस फाइल, एनएफटेबल्सचे (फायरवॉलचे) रूल, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा), सगळीकडं जुनंच नाव. तेवढ्यापुरतं नावं बदलून भागवलं.

पी म्हणजे पीसीआय बस, एस म्हणजे स्लॉट, मधे नवीन डिव्हाइस आलं की बसचा नंबर सरकतो, इथपर्यंत कळलं. पण २०१३ ला सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) १९७ मध्ये ही नावं आणली ती नाव हलू नये म्हणूनच ना? मिरजेत एका दवाखान्यात फ्रीबीएसडी (दुसरी एक ऑपरेटिंग सिस्टम) आहे, तिथं रियलटेकचं कार्ड म्हणून आरई०, ड्रायव्हरचं नाव आणि नंबर, विषय संपला.

आता कर्नलला नेट.इफनेम्स=० देऊन जुनं ईथ० आणू, का मॅकला (कार्डाच्या हार्डवेअर पत्त्याला) नाव बांधू? कार्ड उडालं की नवीन मॅक टाकायला परत मीच जायचं, आणि मी असतो विट्याला.

प्रतिसाद:
ईथ० च्या नादाला लागू नका. दोन कार्डं असली की ज्याचा ड्रायव्हर आधी लोड होईल ते ईथ०, एखाद्या बूटला अदलाबदल झाली तर फायरवॉल उलटी. ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये १०-लॅन.लिंक फाइल करा, मॅचखाली पर्मनंटमॅकॲड्रेस (कार्डाचा मूळचा मॅक), लिंकखाली नेम=लॅन०. नुसतं मॅकॲड्रेस लिहू नका, ब्रिज (पोर्ट एकत्र जोडणारा आभासी इंटरफेस) नाहीतर व्हीलॅन (एकाच पोर्टवरचं वेगळं आभासी नेटवर्क) असला तर तोही तोच मॅक घेऊन फिरतो. नंतर इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) अपडेट करून रीबूट. रूल, डीएचसीपी सगळीकडं लॅन० लिहून टाका, मग कार्ड बदललं तरी त्या फाइलमधली एकच ओळ बदलायची, ते विट्यात बसून फोनवर दुकानातल्या पोराकडनं पण होतंय.

धागाकर्ता:
ब्रिज आहेच हो, बरं झालं सांगितलं. मदरबोर्डवरचा पोर्ट ईएनओ१ आहे, तो काय हलला नाही, त्याचा नंबर बायोसच देतो म्हणे. मग त्यालापण लिंक फाइल करू का तसाच ठेवू?