शब्दचर्चा : 'ट्रक उभा होता' (चूक, दोष, जबाबदार, दायित्व)

केळापूरचे गुरुजी :
शेजारच्या घरातला तरणा पोरगा दोन महिन्यांपूर्वी गेला. पांढरकवड्याहून रात्री मोटारसायकलवर गावाकडे येत होता. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक उभा होता, त्याच्या मागच्या बाजूला जाऊन आदळला. पेपरात आलं, 'उभ्या ट्रकला धडकून दुचाकीस्वार ठार'. तेरवीच्या दिवशी कोणीतरी क्लेमचा विषय काढला, तर त्याचा बाप म्हणाला, "कायचा क्लेम? ट्रक त उभाच व्हता. गल्ती आपल्याच पोराची."

मी मराठी शिकवतो आणि गावचे कागद वाचून देतो. त्या रात्रीपासून 'उभा' हा शब्द डोक्यातून जात नाही. झाड उभं असतं, पीक उभं असतं, पंढरीचा विठोबा उभा असतो. तिथे 'कोणी उभं केलं' असा प्रश्न येत नाही. ट्रकचं तसं नाही. तो कोणीतरी चालवत आणलेला असतो, कोणीतरी ब्रेक दाबलेला असतो. म्हणजे 'ट्रक उभा होता' आणि 'ट्रक उभा केला होता' ही दोन वेगळी वाक्यं झाली. दुसऱ्यात माणूस आहे, पहिल्यातून तो निघून गेला.

फिर्यादीतलं वाक्य असं : 'रोडवर उभ्या असलेल्या ट्रकला मृतकाने मागून धडक दिली.' 'मृतकाने' यातला 'ने' पाहा. कर्त्याचा प्रत्यय मेलेल्या माणसाला लागला आणि ट्रकच्या डायवरला साधं कर्तेपणही मिळालं नाही. असं वाक्य वाचल्यावर बाप 'गल्ती आपलीच' म्हणणार नाही तर काय म्हणणार?

माझे दोन प्रश्न आहेत. कोर्टात या 'उभ्या'चा अर्थ काय लावतात? आणि 'दोषी' व 'जबाबदार' हे शब्द आपण एकासाठी दुसरा वापरतो, ते बरोबर आहे का?

यवतमाळ कोर्टातले वकील :
गुरुजी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर 'वापर' या शब्दात आहे. भरपाईचा कायदा म्हणतो, मोटार वाहनाच्या वापरातून अपघात झाला पाहिजे. मग थांबलेली गाडी वापरात आहे का? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच एक प्रकरण होतं. महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं मेली. विमा कंपनीचं म्हणणं, टँकर तेव्हा चालत नव्हता, मग वापर कसला? न्यायालयाने 'वापर'चा अर्थ व्यापक घेतला. चालू नसलेलं, उभं असलेलं, बिघडून पडलेलं वाहनसुद्धा त्यात येतं.

शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा जागी वाहन सोडून जाता येत नाही. त्यामुळे उभा करणं ही कृतीच आहे, आणि निष्काळजीपणा तिच्यातही असू शकतो. तुमचं 'उभा' आणि 'उभा केला' कोर्टात फार कामाचं आहे, याच फरकावर उलटतपासणी चालते. ट्रक किती वेळ उभा होता, रस्त्यावर होता की बाजूच्या पट्टीवर, मागचे दिवे चालू होते का, रिफ्लेक्टर होते का, हे सगळं विचारलं जातं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. 'दोषी' हा फौजदारी शब्द आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आधीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये २ वर्षांपर्यंत होती. तिथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईचा दावा वेगळा चालतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. तिथे कोणती गोष्ट घडल्याची शक्यता जास्त, एवढं पाहतात. डायवर फौजदारीत सुटला तरी दावा बुडत नाही. तो 'दोषी' ठरला नाही, पण भरपाईला 'जबाबदार' राहू शकतो.

अकोल्याची वाचक :
'जबाबदार'बद्दल थोडं सांगते. जबाब हा अरबीतून आलेला शब्द, त्याला फारसी 'दार' लागला. म्हणजे जबाबदार तो, ज्याला उत्तर द्यावं लागतं. चूक त्याचीच असली पाहिजे, असं त्या शब्दात कुठेच नाही. घरात पोरानं दुसऱ्याच्या वावरातली पऱ्हाटी तुडवली तर उत्तर बापाला द्यावं लागतं, तुडवली पोरानं. आणि ठाण्यात नोंदवतात तो 'जबाब' हाच शब्द! 'दायित्व' हा कागदावरचा संस्कृत शब्द, त्याचा रोख देण्यावर. मला वाटतं आपल्याकडचा गोंधळ 'गल्ती'मुळे होतो. गल्ती, चूक, कसूर, दोष, जबाबदारी या सगळ्यांना आपण एकाच शब्दात घालतो आणि एकदा गल्ती म्हटलं की बोलणंच संपतं.

यवतमाळ कोर्टातले वकील :
ताई, अगदी हेच. आणि गल्ती थोडी इकडे, थोडी तिकडे असू शकते, हे गावात कोणी सांगत नाही. पोराचाही वेग जास्त होता असं न्यायाधिकरणाला वाटलं तर त्याच्या वाट्याचा दोष ठरवून भरपाई तेवढी कमी करतात. समजा १० लाख रुपये ठरले आणि त्याचा वाटा ३० टक्के धरला, तर ७ लाख मिळतात. याला 'सहभागी निष्काळजीपणा' म्हणतात. 'संयुक्त निष्काळजीपणा' वेगळा. तिथे दोन गाड्यांची चूक असते आणि मरणाऱ्याची काहीच नसते, उदाहरणार्थ मागे बसलेली बाई. २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तिचे वारस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतात. 'सहभागी' आणि 'संयुक्त' ऐकायला सारखे वाटतात, पण दाव्यात एकाच्या जागी दुसरा लिहिला तर घरच्यांचे लाखो रुपये जाऊ शकतात.

आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये तर चूक सिद्ध करावीच लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख.

वणीचा वाचक :
माझे वडील ३० वर्षं कोळशाच्या गाडीवर डायवर होते, म्हणून लिहितो. आमच्या घरात 'उभा' आणि 'बंद पडला' हे कधी एक नव्हते. चहाला थांबवली ती उभी केली. पाटा तुटला, एक्सल गेला, तर गाडी बंद पडली, आणि भरलेली गाडी हातानं ढकलून बाजूला होत नाही. वडील अशा वेळी किन्नरला, म्हणजे क्लीनरला, घेऊन मागे दगड रचायचे, पळसाच्या फांद्या टाकायचे, रात्रभर जागायचे. पंचनाम्यात तेही लिहिलं जावं. डायवरच्या बाजूनं बोलतो असं वाटू देऊ नका गुरुजी, तुमच्या पोराचं ऐकून जीव तुटला. फक्त शब्द खरा पाहिजे.

'मालक' या शब्दाचंही सांगतो. आमच्याकडे मालक म्हणजे ज्याचं खातो तो. मजूर शेतकऱ्याला मालक म्हणतो, बाई नवऱ्याला म्हणते. वडिलांची शेवटची गाडी तीनदा विकली गेली होती, नावावर मात्र पहिल्याच्याच.

यवतमाळ कोर्टातले वकील :
भाऊ, कायद्यात मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : गाडी कितीही हात बदलली तरी नोंद बदलली नसेल, तर भरपाईला नोंदलेला मालक जबाबदार. कागदोपत्री मालकाला तेव्हा धक्का बसतो, कारण गाडी त्याने कधीच सोडलेली असते. नोकरीवरच्या डायवरच्या कृतीसाठी मालक जबाबदार असतो आणि विमा असेल तर रक्कम कंपनी भरते. गावात लोक डायवरचा चेहरा पाहून 'त्या गरिबाकडून काय घ्यायचं' म्हणत दावा सोडतात. त्याच्या खिशातून मागायचंच नसतं.

गुरुजी, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत लिहिली आहे. तुमचे दोन गेले. फिर्यादीतलं वाक्य हा शेवटचा शब्द नसतो. घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल मिळवा आणि ट्रकच्या मागच्या बाजूबद्दल काय लिहिलंय ते इथे लिहा.

केळापूरचे गुरुजी :
नक्कल मिळाली. ट्रक 'डांबरी रोडवर डाव्या बाजूस उभ्या स्थितीत' असं आहे. बाजूच्या मातीच्या पट्टीवर नव्हता. दिव्यांबद्दल एक अक्षर नाही. पुढे लिहिलंय, 'ट्रकचे मागील चाकास दगड लावलेले दिसून आले.' वणीच्या भाऊंनी सांगितले तसे लांब मागे रचलेले नाहीत, चाकालाच लावलेले.

काल संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन सगळं वाचून दाखवलं. बाप पुन्हा तेच म्हणाला, "ट्रक त उभाच व्हता ना गुरुजी." त्याची सून आतल्या दाराशी बसली होती, इतक्या दिवसांत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "मंग चाकाले दगड कोनं लावले?"

वकीलसाहेब, सोमवारी तिला घेऊन यवतमाळला येतो.