मदत हवी आहे : हिंजवडीतली नोकरी सोडून तिथेच कन्सल्टंट, ओपीसी काढू का?

घाटमाथा :
काम सॉफ्टवेअरचं. राजीनामा दिलाय, पण कंपनी म्हणते पुढच्या महिन्यापासून कन्सल्टंट म्हणून या, मात्र 'स्वतःची कंपनी' काढून. महिना अडीच लाख अधिक जीएसटी. दुसरा क्लायंट नाही. करारात वेळ साडेनऊ ते साडेसहा, रजेला मॅनेजरची मंजुरी, लॅपटॉप त्यांचा, नोटीस 90 दिवस. ओपीसीने (एकाच माणसाची कंपनी) कर वाचेल का? आणि हा पगारच आहे असं आयकर खातं म्हणू शकतं का?

रोजकीर्द :
वाचणार नाही, उलट वाढेल. निम्मी फी उत्पन्न धरायची आयकर कलम 44एडीएची सोय फक्त निवासी व्यक्तीला आणि भागीदारी फर्मला आहे. कंपनीला नाही, एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नाही. वर्षाच्या फीची मर्यादा 50 लाख, रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाख.

कंपनी न काढता स्वतःच्या नावावर काम केलंत तर तुमचा हिशेब 2025-26 च्या नव्या रिजीमने: वर्षाची फी 30 लाख, उत्पन्न 15 लाख, कर सेससह 1,09,200. हेच 30 लाख पगार म्हणून आले तर 75 हजारांची वजावट धरूनही 4,75,800. ओपीसीत नफा ठेवला तर 22 टक्के कंपनी-कराचा पर्याय घेऊनही सरचार्ज-सेससह 25.168 टक्के, आणि डिव्हिडंड काढला की तुमच्या स्लॅबने पुन्हा कर. सगळं संचालकाचा पगार म्हणून काढलं तर नोकरीच बरी होती म्हणायचं. वर उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं.

टीडीएसकडे लक्ष ठेवा. कलम 194जे (व्यावसायिक फी) खाली 10 टक्के कापला तर 3 लाख जमा होतील आणि 1,90,800 रिफंड येईल. पण अकाउंट्सवाले बऱ्याचदा 'तांत्रिक सेवा' समजून 2 टक्केच कापतात. मग जमा होतात फक्त 60 हजार, उरलेले 49,200 तुम्ही 15 मार्चपर्यंत अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून भरायचे, नाहीतर व्याज. (कलमं 1961 च्या कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा, क्रमांक बदलतात.)

सदाशिवपेठी :
खरी गोची करारात आहे. कागदावर कन्सल्टंट लिहून भागत नाही, कामावर ताबा कोणाचा हे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाचा 1956 चा धरांगध्रा केमिकलचा निकाल पाहा: मिठागरातले आगरिये हंगामी, मोबदला मिठाच्या वजनावर, स्वतः मदतनीस ठेवणारे, तरी ते कामगारच ठरले. तुमच्या करारात तर ताबा त्याहून उघड दिसतो. रजेची मंजुरी आणि ठरीव वेळ ही दोन कलमं आधी काढून घ्या. त्याजागी कामाचं वर्णन, टप्पे, बिलाच्या तारखा, दुसऱ्यांचं काम घ्यायची मुभा आणि सदोष काम आपल्या खर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी. लॅपटॉप सुरक्षेसाठी त्यांचा असेल तर तसं कारण लिहून घ्या. पगार ठरला तर टीडीएस कमी कापल्याचं बालंट कंपनीवरही येतं. एचआरला हे सांगा, ऐकतील.

घाटमाथा :
धन्यवाद. कंपनी ओपीसीवरच अडली तर?

रोजकीर्द :
त्यांना बहुतेक व्हेंडर कोडसाठी (पुरवठादार म्हणून त्यांच्याकडची नोंद) जीएसटी नंबर, पॅन आणि चालू खातं हवं असतं. ते एकल मालकीतही मिळतं. शॉप अ‍ॅक्टखाली व्यवसाय सुरू केल्याचं ऑनलाइन इंटिमेशन, त्यावर चालू खातं, मग जीएसटी नोंदणी. 20 लाखांवर जाणार म्हणजे ती लागणारच. प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी वेगळी, वर्षाला 2,500.

आणि बिलात फी 2,50,000 आणि जीएसटी 45,000 स्वतंत्र ओळीत दाखवा. एकच आकडा 2,95,000 लिहिलात तर टीडीएस पूर्ण रकमेवर कापतील, मग त्यासाठी मेलामेली.