मोठेपणी घोडेस्वारी शिकताना: तुमचे अनुभव लिहा

घोड्यावरच लहानाचा मोठा झालेल्या माणसाला तोल कसा सांभाळतोस असं विचारलं, तर त्याला धड सांगता येत नाही. तिशी, चाळिशी, साठीत पहिल्यांदा रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत) पाय घालणाऱ्याला मात्र एकेक गोष्ट समजून-उमजून अंगात मुरवावी लागते. नवशिक्याच्या खरी कामी येते ती अशा माणसाची माहिती. म्हणून हे आवाहन. कुठे अडलात, कशाने सुटलात, शरीराने कुठे कुरकुर केली, सगळं लिहा. भीतीबद्दल तर जरूर लिहा, कारण शिकवणारे तिच्यावर फार कमी बोलतात. सुरुवात मी करते.

मी अडले ती दुडकीवर, म्हणजे घोड्याच्या उसळत्या, मध्यम वेगाच्या चालीवर. साध्या चालीत चारही पाय एकामागून एक पडतात, त्यामुळे नुसतं बसून राहिलं तरी निभतं. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम पडतो, मग दुसरी जोडी, आणि मधल्या क्षणी चारही पाय अधांतरी. ती उसळी खालून आली की मोठ्या माणसाचं शरीर सगळ्यात आधी गुडघे आवळून धरतं. गुडघे आवळले की टाच वर येते, मांड सुटते आणि माणूस खोगिरावर आणखीच आपटतो. ‘अंग सैल सोड’ हे सतत कानावर पडायचं, पण त्यासाठी नेमकं करायचं काय, ते कळत नव्हतं. शेवटी शिकवणाऱ्या ताईंनी लगाम माझ्या हातातून काढून घेतला, घोडीला लांब दोरीवर स्वतःभोवती गोल फिरवत ठेवलं आणि मला दोन्ही हात बाजूला पसरायला लावले. नजर घोडीच्या रिंगणाबाहेरच्या खांद्यावर ठेवायची. तो खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की बसायचं. हाताला धरायला काही नसलं की शरीर कमरेतून तोल शोधू लागतं. काही फेऱ्यांनी मनातली मोजणी थांबली आणि माझी उठबस तिच्या पायांशी जुळली. त्याच वेळी तिने नाकातून लांबलचक फुरफुर केली आणि मान सैल सोडून खाली नेली. तिच्या पाठीलाही सुटल्यासारखं झालं होतं.

नव्याने शिकणाऱ्यांनी असे बिनलगामाचे तास हट्टाने मागून घ्यावेत. लगाम फार लवकर हातात आला की माणूस त्यालाच लटकतो, आणि त्याचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू सुरुवातीला भयंकर दुखतात, जिना उतरवत नाही. ते ओसरतं.

———

भीतीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी पन्नाशीनंतर सुरुवात केली. पडलो तर घर कोण बघणार, हाड मोडलं तर जुळायला किती वेळ लागणार, हे विचार विशीत डोक्यात येत नाहीत. आमच्या वयात ते प्रत्येक वळणावर येतात. घोड्याला अंगावर बसलेली माशीही कळते, तेवढीच कातडी थरथरवून तो ती उडवतो. मग आपला रोखलेला श्वास आणि ताठरलेल्या मांड्या त्याला कळणारच. तो कळपात राहणारा, पळून जीव वाचवणारा प्राणी. पाठीवरचा गडी घाबरलाय म्हणजे जवळपास काहीतरी असलं पाहिजे, असं धरून तो कान टवकारून ते शोधू लागतो. मला लागू पडलं ते मोठ्याने बोलणं. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो. मी पाढे म्हणायचो. आजही घोडा बिचकला की पहिलं तेच करतो. भीती गेलेली नाही, पण तिच्यासकट बसता येतं.

———

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पाठीवर बसायची घाई करू नका, आधी जमिनीवर ओळख वाढवा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, आधी आवाज देऊन. मागून वळसा घ्यायचा तर पुठ्ठ्यावर, म्हणजे त्याच्या ढुंगणावर, हात ठेवून अगदी अंगाला लागून, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून. अधलंमधलं अंतर सगळ्यात वाईट. कान मागे चपटे पडले की त्याला आत्ता नको आहे, एवढं समजून थांबायचं.

खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणं, करता करता मला त्याच्या अंगाची भाषा कळली. खूर साफ करायला तर मी फार घाबरायचे. पायाच्या मागच्या शिरेवरून हात खाली नेत हलकेच दाबलं की तो पाय उचलून देतो. मग आकड्याने टाचेकडून टोकाकडे माती काढायची. मधली त्रिकोणी गादी मऊ असते, तिच्यात आकडा रुतवायचा नाही. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराने आपला पाय विश्वासाने माझ्या तळहातावर टेकवला, तेव्हापासून वर बसतानाची माझी छाती धडधडायची थांबली. आणखी एक: खोगीर कसताना बरेच घोडे अंग फुगवून धरतात. दोन पावलं चालवून, चढण्याआधी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा एकदा आवळा.

———

पडण्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं. पडल्यावर ‘लगेच परत बस, नाहीतर भीती बसेल’ असं सगळे सांगतात. डोक्याला मार बसला असेल, गरगरत असेल, मळमळत असेल तर हे अजिबात ऐकू नका. आधी डॉक्टर. भीतीचं पुढे बघता येतं. मला खाली उतरवून, सावलीत बसवून, त्या दिवसाचा तास तिथेच थांबवणारा माणूस शिकवायला मिळाला, याचं मला फार मोल वाटतं. जोराचा आपट खाल्लेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की पुढचा मार झेलत नाही. आणि बूट थोड्या टाचेचे, गुळगुळीत तळाचे घ्या. टाच नसली तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडल्यावर माणूस फरफटत जातो.

———

माझं वजन जास्त आहे. हा विषय काढायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते. साधारण ठोकताळा असा की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा. म्हणजे 450 किलोच्या घोड्यावर सगळं मिळून 90 किलो. पहिल्या ठिकाणी मला काही न विचारता एका लहानखुऱ्या, म्हाताऱ्या घोड्यावर बसवत होते. मी बसले नाही आणि पुन्हा तिथे गेले नाही. दुसरीकडे त्यांनी आधीच वजन विचारलं, दणकट घोडा दिला आणि तास छोटा ठेवला. जिथे वजन विचारतात तिथे शिका. घोड्याची काळजी घेणारेच तुमचीही घेतात.

———

साठी उलटली आहे, दोन्ही गुडघे झिजलेले. आता कशाला, असं घरच्यांनी म्हटलं तेव्हा मी त्यांना लिस हार्टेलबद्दल सांगितलं. डेन्मार्कची ही बाई पोलिओने गुडघ्याखाली अधू झाली होती. तिला घोड्यावर चढवावं-उतरवावं लागायचं, तरी 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं. जपानचे हिरोशी होकेत्सु 2012मध्ये लंडनला 71व्या वर्षी उतरले होते. ही माणसं आयुष्यभर घोड्यावर बसलेली, त्यांच्याशी बरोबरी नाही. पण अधू पाय आणि वय घेऊनही घोड्याशी नीट बोलता येतं, एवढं मला त्यांच्यामुळे पटलं.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी: चढायला लाकडी पायऱ्यांचा ठोकळा वापरा, त्यात कमीपणा नाही. जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो, त्यामुळे मुरलेले स्वारही ठोकळाच वापरतात. रिकिबीचा पट्टा एक भोक लांब ठेवला की गुडघा कमी वाकतो. आणि उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, पोटावर टेका, मग गुडघे किंचित वाकवून हळूच खाली घसरा.