‘इंगलनूक’मधला ‘इंगल’ आणि आपला ‘इंगळ’

प्रश्न
इंग्लंडमधील जुन्या घरांच्या वर्णनांत ‘इंगलनूक’ हा शब्द मला वारंवार आढळतो. विस्तवाजवळची जागा, एवढा अर्थ संदर्भावरून लागतो. आमची आजी रात्री चुलीतले इंगळ राखेखाली पुरून ठेवी आणि पहाटे राख सारून, फुंकणीने फुंकून ते पुन्हा फुलवी. त्यामुळे ‘इंगल’ म्हटले की मला तोच इंगळ डोळ्यांपुढे दिसतो. या दोन शब्दांचे काही नाते आहे का, आणि अनुवादात ‘इंगलनूक’ला काय म्हणावे?

प्रतिसाद १
‘इंगल’ हा मूळचा स्कॉटलंडमधील शब्द. त्याचा अर्थ घरात पेटलेला विस्तव, आणि ‘नूक’ म्हणजे कोपरा. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून तो लेखनात सापडतो आणि रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ सालच्या काव्यसंग्रहातही येतो. तो स्कॉटिश गेलिक भाषेतील अग्नी व प्रकाश या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असे कोशकार सांगतात. आपला ‘इंगळ’ मात्र संस्कृत ‘अंगार’पासून प्राकृत ‘इंगाल’मार्गे आलेला आहे, आणि ‘अंगार’चे परदेशी सोयरे शोधायचे तर कोळशाला ‘अंग्लिस’ म्हणणाऱ्या लिथुआनियन भाषेकडे जावे लागते. आपल्याला जाणवलेले साम्य मोहक आहे. तरीही केवळ उच्चार जुळतो म्हणून ‘इंगल’ आणि ‘इंगळ’ यांना भावंडे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २
शब्दाइतकीच ती जागाही समजून घ्यायला हवी. पूर्वी तिकडे मोठ्या दालनाच्या मधोमध विस्तव पेटवीत आणि धूर छपरातून बाहेर जाई. सोळाव्या शतकापासून सामान्य घरांतही धुराडी बांधली जाऊ लागली, तेव्हा विस्तव भिंतीकडे सरकला आणि त्याच्याभोवती एवढी रुंद पोकळी उरली की वर जाड लाकडी तुळई, मध्ये जळती लाकडे आणि दोन्ही अंगांना बसायला बाक, अशी जणू खोलीतच दुसरी छोटी खोली तयार झाली. काही ठिकाणी बाजूच्या भिंतीत पाव भाजण्याची भट्टीही असते. पुढे कोळशाच्या लहान जाळ्या आल्यावर पुष्कळ पोकळ्या बुजवल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्मन शॉ यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांनी ही रचना हौसेने पुन्हा आणली. नॉर्थम्बरलँडमधील क्रॅगसाइड या घराच्या भोजनगृहात ती आजही पाहता येते.

प्रतिसाद ३
अनुवादासाठी ‘कोनाडा’ वापरू नये, अशी माझी विनंती आहे. आपल्या कोनाड्यात पणती मावते, माणूस नाही. ‘शेकोटी’ म्हटले की वाचक अंगणात जातो. मी पहिल्या उल्लेखात ‘धुराड्याखालची, विस्तवालगतची बैठक’ असे लिहीन आणि पुढे ‘इंगलनूक’ हाच शब्द ठेवीन.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मी ‘चुलीचा कोपरा’ असे लिहून ठेवले होते, ते आता बदलते. माणसे विस्तवाच्या दोन्ही बाजूंना, त्या तुळईखाली आत बसतात, हे त्यातून कळतच नव्हते.