सदाशिव पेठेत भाड्याने घर बघतोय, मालक रजिस्टर अ‍ॅग्रीमेंटला नाही म्हणतायत, काय करावं?

सोलापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. आम्ही जूनपासून सोलापूरहून पुण्याला शिफ्ट होतोय. मिस्टरांचं ऑफिस कल्याणीनगरला आणि मला लक्ष्मी रोडजवळच्या एका बँकेत जॉइन व्हायचंय, सोबत सासूबाई आहेत आणि मुलगी पाचवीत जाईल. सगळे म्हणतायत वाकड-बाणेरला घ्या, नवीन बिल्डिंग, लिफ्ट, पार्किंग सगळं मिळेल, पण मला रोजचे दोन तास रस्त्यात घालवायचे नाहीयेत आणि सासूबाईंना भाजी, देऊळ, डॉक्टर हे सगळं पायी जाता येईल असं पाहिजे, म्हणून पेठांमध्येच बघतोय.

पेरुगेटच्या आसपास दोन घरं आवडली. पहिलं टू बीएचके, साधं अपार्टमेंट, तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं २६ हजार, डिपॉझिट १ लाख. मालक बोलायला चांगले वाटले पण म्हणाले की नोटरी करून घेऊ, रजिस्टर कशाला, उगाच खर्च आणि धावपळ. दुसरं एका वाड्यात, तळमजल्यावर दोन मोठ्या खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं फक्त १४ हजार, पण डिपॉझिट दीड लाख आणि तेही कॅशमध्ये. दाखवणारे काका म्हणाले आमचं कुटुंब इथे साठ वर्षं राहतंय, काळजी करू नका, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो. सासूबाईंना हेच आवडलंय कारण जिना नाही, पुढे अंगण आहे. ब्रोकर म्हणतोय उद्या संध्याकाळपर्यंत टोकन द्या नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. ब्रोकरेज एका महिन्याचं भाडं. प्लीज कोणीतरी सांगा, नोटरी चालते का, आणि वाड्यातलं घर घ्यावं का?

नारायणपेठी

ताई, दुसऱ्या घराला टोकन अजिबात देऊ नका. उद्या संध्याकाळ वगैरे ब्रोकर सगळ्यांनाच सांगतात.

आता कारण सांगतो. "आमचं कुटुंब साठ वर्षं राहतंय" आणि "हे आमच्या मालकीचं आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पेठेत तर हा फरक फार मोठा आहे. इथल्या वाड्यांमध्ये दोन-तीन पिढ्या राहणारी माणसं बऱ्याचदा स्वतःच जुने भाडेकरू असतात, मूळ मालकाला ते अजून फारच थोडं भाडं देतात कारण त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. ते स्वतः आता सिंहगड रोडला किंवा कोथरूडला राहायला गेले की ताबा सुटू नये म्हणून वाड्यातल्या खोल्या तिसऱ्याच माणसाला देतात. पण मूळ मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर तेवढ्या कारणावरून मालक त्या जुन्या भाडेकरूला कोर्टातून बाहेर काढू शकतो. तो बाहेर म्हणजे तुम्ही पण बाहेर, आणि तुमच्या दीड लाखाशी मालकाचा काही संबंध नाही. कॅश दिलेली असेल तर तुमच्याकडे दाखवायला तरी काय असेल?

दुसरं म्हणजे वाडा कुठल्या अवस्थेत आहे ते बघा. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. आणि बिल्डरशी बोलणी चालू असतील तर नवीन इमारतीत जागा मिळते ती मालकाला आणि कायदेशीर जुन्या भाडेकरूंना, साध्या स्टॅम्पवर राहणाऱ्याला काहीच मिळत नाही.

एक सोपी गोष्ट करा. काकांना म्हणा महापालिकेच्या टॅक्सची या वर्षीची पावती आणि लाइट बिल दाखवा. पावतीवर मालक म्हणून त्यांचंच नाव असेल तर पुढे बोलू. वाड्यात माझं सगळं बालपण गेलंय, मला वाडे प्रिय आहेत, तरीही सांगतोय.

दुय्यम_निबंधक_रांगेत

मी हे अ‍ॅग्रीमेंटचंच काम करतो म्हणून पहिल्या घराबद्दल लिहितो.

नोटरी चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ - लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार) लेखी पाहिजे आणि रजिस्टर झालेलं पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. केलं नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अजून एक, जे मालक लोकांना कोणी सांगत नाही: रजिस्टर कागद नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकावर येतं.

आता "उगाच खर्च" किती ते बघा. स्टॅम्प ड्युटी पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर, या दोन्हीच्या बेरजेच्या ०.२५ टक्के. तुमचं २६ हजार गुणिले ११ म्हणजे २ लाख ८६ हजार, १ लाखावरचं अकरा महिन्यांचं व्याज धरा ९ हजार आणि थोडं, एकूण २ लाख ९५ हजारांच्या आसपास. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेसातशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार. वर थोडी हाताळणी फी आणि करून देणाऱ्याचा मेहनताना. लाखभर डिपॉझिट देणाऱ्या माणसाला हा खर्च जास्त म्हणायचा का? धावपळ पण नाही, ऑनलाइन होतं, माणूस घरी थंब मशीन घेऊन येतो, आधारवर दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे, झालं.

आणि अकरा महिनेच करायला पाहिजे असा काही नियम नाहीये. हाच ०.२५ चा दर साठ महिन्यांपर्यंत आहे. मुलीची शाळा आहे तर २४ किंवा ३६ महिन्यांचं करा, दरवर्षी भाडं किती वाढणार ते त्यातच लिहा, म्हणजे दर अकरा महिन्यांनी नवीन ब्रोकरेज नाही आणि नवीन घासाघीस नाही.

मालक नाही का म्हणतात? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात मिळकतकर असतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, मध्ये काही वर्षं बंद होती ती २०२३ पासून परत सुरू झाली. घर भाड्याने दिल्याचं कागदावर आलं की ती सवलत जाईल ही भीती. पण त्यांची सवलत वाचावी म्हणून तुम्ही बिनकागदाचं राहायचं हे काही बरोबर नाही. शिवाय मिस्टर किंवा तुम्ही एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता, त्यावरची करसवलत) क्लेम करणार असाल तर वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जातंय, मालकाचा पॅन लागेल, तेही आत्ताच बोलून घ्या.

शुक्रवार_पेठ_घरमालकीण

मी मालकांच्या बाजूची आहे, माझे शुक्रवार पेठेत दोन फ्लॅट भाड्याने आहेत, त्यामुळे मला पण लिहावंसं वाटलं.

जुन्या मालकांच्या मनात खरी भीती एकच असते, भाडेकरू उठला नाही तर. आमच्या सासऱ्यांनी वाड्यात हे भोगलंय, एका खोलीसाठी कोर्टात आयुष्य गेलं त्यांचं. त्यामुळे "रजिस्टर" शब्द ऐकला की त्या पिढीला वाटतं आता याला हक्क मिळणार. पण होतं बरोबर उलट! रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स हाच मालकाचा सगळ्यात मोठा आधार आहे. मुदत संपून पण भाडेकरू राहिला तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) जाता येतं, नेहमीच्या दाव्यासारखं वर्षानुवर्षं ताटकळत बसावं लागत नाही, आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोटरीचा कागद घेऊन गेलात तर यातलं काही मिळवणं अवघड आहे. तुमच्या त्या मालकांना हे असंच शांतपणे सांगा, कायद्याची धमकी देऊ नका, "काका हे तुमच्याच फायद्याचं आहे" म्हणा. ब्रोकरला मध्ये घेऊ नका, सरळ त्यांच्याशी बोला.

सोबत पोलीस व्हेरिफिकेशन पण होऊन जाऊ दे, भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांना ऑनलाइन देता येते, ते काम मालकाचं पण कागद तुम्ही तयार ठेवा. आणि सोसायटी असेल तर मेंटेनन्स कोण भरणार ते विचारा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो जादा आकार घेते तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तो मालकाने भरायचा असतो, काही लोक हळूच भाडेकरूच्या माथी मारतात.

मेट्रोने_जातो

अ‍ॅग्रीमेंटचं वरच्यांनी सांगितलंच, मी राहण्याबद्दल लिहितो कारण आम्ही बाणेर सोडून पेठेत आलो आणि परत जायचा विचार पण नाही.

कल्याणीनगरसाठी पेठ आता खूपच सोयीची झालीये. मंडई स्टेशनवरून भुयारी मेट्रो (सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली), जिल्हा न्यायालयाला बदलायची आणि रामवाडीच्या मेट्रोने थेट कल्याणीनगर. किंवा पेरुगेटवरून डेक्कनपर्यंत चालत किंवा रिक्षाने गेलात तर बदलायची पण गरज नाही, डेक्कन स्टेशनवरून तीच गाडी सरळ जाते. फक्त पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा झेड ब्रिज किंवा लकडी पुलावरून जायचं. ताई तुमची बँक तर चालत. मुलीला हुजूरपागा, अहिल्यादेवी, नू.म.वि. सगळं चालत, पाचवीची अ‍ॅडमिशन मात्र आत्ताच बघा, जूनपर्यंत थांबू नका.

अडचणी पण सांगतो. फोर व्हीलर असेल तर आधी पार्किंग विचारा, "रस्त्यावर लावा सगळे लावतात" हे उत्तर मान्य करू नका, गल्लीत आणि लक्ष्मी रोडच्या बाजूला जागा मिळत नाही आणि उचलून नेतात. पाणी किती वाजता येतं, खाली टाकी आहे का, वर चढवायला मोटर कोण लावतं, हे मालकाला नाही तर शेजाऱ्यांना विचारा. ज्या बिल्डिंगमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात तिथे पाण्याचा आणि जिन्यातल्या चपलांचा प्रश्न असतो, मुलं बिचारी चांगली असतात, रात्रंदिवस अभ्यास करतात, पण चार माणसांच्या फ्लॅटमध्ये दहा राहिली की टाकी पुरत नाही.

आणि गणपती. यावर लोक भांडतात पण मी प्रामाणिकपणे सांगतो. आधी दीड-दोन महिने नदीपात्रात ढोल पथकांचा सराव, मग दहा दिवस संध्याकाळी रस्ते बंद, आणि विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड, या चारही रस्त्यांच्या तोंडावरचं घर घेऊ नका, दोन गल्ल्या आत घ्या. आवाजात बराच फरक पडतो. सासूबाईंना बीपी वगैरे असेल तर हे नक्की बघा. आम्हाला स्वतःला ते दहा दिवस आवडतात, घराबाहेर पडलं की मानाचे गणपती, मुलं रात्री उशिरापर्यंत खाली. इथे माणसं एकमेकांना ओळखतात. मागच्या वर्षी आई पडली तेव्हा समोरच्या दुकानदाराने रिक्षा थांबवून दवाखान्यात नेलं, मला फोन नंतर आला.

सोलापूरची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वाड्यातल्या काकांना टॅक्सची पावती मागितली, आधी म्हणाले भावाकडे आहे, मग म्हणाले विश्वास नसेल तर राहू द्या. तो विषय संपला. पहिल्या घराच्या मालकांना घरमालकीण ताईंनी सांगितलं तसं बोलले, कलम २४ चं त्यांना खरंच माहीत नव्हतं, मुलाला विचारून रजिस्टरला हो म्हणाले, २४ महिन्यांना पण तयार आहेत. पण आता सासूबाईंचा प्रश्न, तिसरा मजला, गुडघे दुखतात. त्यांना विचारलं तर म्हणतात चढेन हळूहळू. मला पटत नाहीये. आणि मालक १२ महिन्यांचा लॉक-इन म्हणतायत, ते ठीक आहे का?

नारायणपेठी

सासूबाई "चढेन" म्हणतायत कारण त्यांना तुमची अडचण करायची नाहीये. पण मग त्या दिवसातून एकदाच खाली उतरतील, नंतर आठवड्यातून एकदा, आणि देऊळ-भाजी जवळ असण्याचा ज्यांच्यासाठी विचार केलात त्याच घरात बसून राहतील. जूनला अजून वेळ आहे, पहिला मजला किंवा लिफ्टवालं बघा. शुक्रवार पेठेत सुभाषनगरच्या गल्ल्या शांत आहेत, मंडई स्टेशन पण जवळ. नवी पेठेत पण रीडेव्हलप झालेल्या लिफ्टच्या बिल्डिंगा आहेत, शास्त्री रोडपासून जरा आत बघा कारण रोडला अभ्यासिकांची गर्दी असते. भाडं दोन-चार हजार जास्त जाईल. ब्रोकरवर अवलंबून राहू नका, संध्याकाळी त्या गल्ल्यांमध्ये फिरा, वाण्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, बरीच घरं पाटी न लावता तोंडीच जातात.

दुय्यम_निबंधक_रांगेत

लॉक-इन दोघांवर सारखा पाहिजे. "भाडेकरूने १२ महिने सोडायचं नाही" एवढंच असतं बऱ्याच मसुद्यात, मालकाने काढायचं नाही हे लिहिलेलंच नसतं, ते लिहून घ्या. माझ्या मते ६ महिने मागा, त्यानंतर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती, हे आकड्यात लिहा, "योग्य ती रक्कम" असं लिहू देऊ नका, डिपॉझिटचे निम्मे वाद रंगावरून होतात. डिपॉझिट बँक ट्रान्सफरनेच, ट्रान्झॅक्शन नंबर अ‍ॅग्रीमेंटमध्ये, आणि चावी परत देताना त्याच दिवशी डिपॉझिट परत अशी ओळ. ताबा घ्यायच्या दिवशी लाइटच्या मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल, नळ, गीझर यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. टोकन द्यायचंच झालं तर पाच हजारांच्या वर नको आणि ते पण ब्रोकरला नाही, मालकाच्या खात्यात. नवीन घर ठरलं की मसुदा इथे टाका, नाव-पत्ता काढून, मी वाचून सांगतो.